रिकाम्या केटल्या, पवनारची सडक

आत्याबाई,

"कोणी इचारलं तं सांगजो, दुधाले चाललो." माझं लग्न होऊन चार महिनेही झाले नव्हते, आणि सासूनं सुनेला शिकवलेलं हे पहिलं खोटं. तुम्ही डोक्यावरून पदर घेतलात, फळीवरची झाकणाची केटली काढलीत, रिकामीच, आणि दाराची कडी अशी अलगद सरकवलीत की जणू आपण दोघी कुणाच्या वावरातला हरभरा चोरायला निघालोय. अंगणात म्हैस उभी होती. तिनं मान वळवून आपल्याकडे पाहिलं. दोन्ही वेळा बादली भरून दूध देणारी म्हैस दारात असताना आपण दुधाला निघालो होतो, आणि हे बोरगावात कुणाला पटणार, हा विचार आपल्या दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आला नव्हता.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मी बेचाळीस वर्षांची झाले. तरी ती सकाळ आठवली की मी एकटीच हसते, आणि घरातले माझ्याकडे पाहतात.

वर्ध्याच्या डॉक्टरांकडे आपण आदल्याच दिवशी सायकलरिक्षानं जाऊन आलो होतो. तुम्हाला सारखी तहान लागायची, पायांना मुंग्या यायच्या. डॉक्टरांनी साखर सांगितली. गोळ्या दिल्या, बाकीचं चिठ्ठीवर लिहिलं आणि म्हणाले, "सून शिकलेली दिसते, ती वाचून सांगेल. पण पाय सांभाळा बाई. आत्ता नाही सांभाळले तर चारपाच वर्षांत खाटेवर बसाल." एवढंच तुम्ही ऐकलंत. आपण रिक्षात बसलो. मग विचारलंत, "काय लेहलं व त्यात?" चिठ्ठीत लिहिलं होतं, रोज अर्धा तास चालणे, घरच्या अंगणात चालल्यास हरकत नाही. मी वाचलं, "रोज एक तास चालणे. मोकळ्या सडकेनं. सोबत घरचं कुणीतरी असावं."

का असं वाचलं, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. आर्वीला माझे वडील एस.टी.च्या डेपोत होते. आमचं घर गावाच्या एका टोकाला, शाळा दुसऱ्या टोकाला. मी लहानपणापासून पायी चालत मोठी झालेली मुलगी. बोरगावला आले आणि चार महिन्यांत विहिरीच्या पलीकडे काय आहे ते पाहिलं नाही. तुम्ही काही जाच करत नव्हता. सुनेनं घरात राहायचं असतं, एवढंच तुम्हाला ठाऊक होतं, कारण तुम्हीही तशाच राहिला होता. ती चिठ्ठी हातात आली आणि मला मोह झाला. तुमच्या आजारातून मी स्वतःसाठी रोजचा एक तास काढून घेतला.

पण चालायचं म्हणजे कसं? बोरगावात तेव्हा बाई चालायची ती कशासाठी तरी. पाण्याला, वावरात, बाजाराला, हळदीकुंकवाला. हातात काही नाही, कुठं जायचं नाही, अशी बाई सडकेनं दिसली तर तिचं घरात भांडण झालं असेल, नाहीतर तिच्या डोक्यात फरक पडला असेल. म्हणून केटली. पवनारच्या सडकेला, आपल्या घरापासून अर्ध्या तासावर एका गवळ्याचा गोठा होता. तिथवर जायचं आणि परत यायचं, असं तुम्हीच ठरवलंत. पहिल्याच दिवशी समोरच्या घरच्या काकूंनी हटकलं. त्या दारात सडा टाकत होत्या.

"कुठी चालल्या व सासूसुना?"

"दुधाले."

"दुधाले? अन् तुमची म्हैस?"

तुम्ही पापणीही न हलवता म्हणालात, "आटली."

त्या एका शब्दानं पुढची दोन वर्षं आपल्याला काय काय करायला लावलं! मामंजी गोठ्याचं दार आतून लावून म्हशीची धार काढू लागले. धारेचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तुम्ही जात्यावर बसायचात, दळायला काही नसलं तरी. आधी जास्तीचं दूध गल्लीत वाटलं जायचं, आता आटलेल्या म्हशीचं दूध वाटणार कसं? मग दही, मग तूप, मग खवा, मग रोज संध्याकाळी वाटीभर बासुंदी. तुम्हाला गोड वर्ज्य. तुम्ही पाटावर बसून सगळ्यांकडे पाहायचात आणि म्हणायचात, "खा लेकहो, खा. माया वाटचं बी तुम्हीच खा." तुमचं वजन उतरत गेलं आणि तुमच्या मुलाचं चढत गेलं. ह्यांच्या पँटचं हुक लागेना तेव्हा तुम्ही त्यांना म्हणालात, "तूही चालत जाय दुधाले."

मग काकूंनी एक दिवस आपल्याला थांबवून त्यांची केटली हातात दिली. "जातच हा तं आमचंही एक शेर आणजो व. गोठ्यावर डोयासमोर काढलेलं बरं. घरी येते त्यात अर्धं पाणीच राह्यते." नाही म्हणायला तोंड नव्हतं. आठवडाभरात पलीकडच्या मास्तरांची केटली आली, मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानवाल्यांची, मग आणखी दोन. आपली धरून सहा केटल्या. तीन तुमच्याकडे, तीन माझ्याकडे. जाताना त्या अशा खणखणायच्या की गल्लीतली कुत्रीसुद्धा आपल्याला ओळखू लागली. आणि मजा अशी झाली की आता घरी बसायची सोय उरली नाही. एखाद्या दिवशी पांघरुणातून उठावंसं वाटत नसलं तरी उठावं लागायचं, कारण पाच घरांचा चहा आपल्यावर होता. आधी लोक काय म्हणतील म्हणून तुम्ही घराबाहेर पडत नव्हता. आता लोक काय म्हणतील म्हणून घरात थांबता येईना.

पावसाळ्यात पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन गेलो. थंडीत तुम्ही मामंजींचं घोंगडं पांघरायचात. लग्नानंतरचा माझा पहिला ताप आठवतो, अंग कसकसत होतं, मी पडून राहिले होते. तुम्ही चुलीशी होता. तिथूनच म्हणालात, "फाटकालोक चाल अन् परत ये. तेवढंच. पण चप्पल घाल." मी चप्पल घालून फाटकापर्यंत गेले आणि परत येऊन झोपले. तेव्हा फार राग आला होता तुमचा. आज सांगते, एवढ्या वर्षांत मला जे काही टिकवता आलं ते त्या फाटकापर्यंतच्या वीस पावलांनी शिकवलं. आणि त्या चपला. तुम्हीच बाजारातून आणल्या होत्या, मागून पट्टा असलेल्या, चालताना निघू नयेत म्हणून. लग्नात मला पाच लुगडी आली होती, त्यांतलं एकही आता आठवत नाही.

महिन्याच्या चार दिवसांत मी बाहेर बसायचे, आपल्याकडची रीतच होती. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी कोपऱ्यात तरटावर बसून होते, आजचा तास बुडाला म्हणून डोळे भरून आलेले. तुम्ही केटल्या गोळा करता करता थांबलात. "काऊन बसली व?" मी सांगितलं. तुम्ही क्षणभर विचार केलात, देवघराकडे पाहिलंत, मग दाराकडे. "बाहेर बसाचं असते, बरोबर. मंग बाहेरच चाल. सडक का देवघर हाय?" त्या चार दिवसांत दुधाला माझा हात लागू नये म्हणून सहाच्या सहा केटल्या तुम्ही एकट्या वाहायचात आणि मी मोकळ्या हातानं मागून चालायचे. लोकांना वाटायचं, काय सासू आहे, सुनेला फुलासारखं जपते. काकू म्हणायच्या, "सूनबाई राणी झाली व तुही." तुम्ही म्हणायचात, "महिन्यातून चार दिवस."

तुम्ही नेहमी पुढं. मला तुमच्या टाचा दिसायच्या आणि पाठ. घरात तुमच्यासमोर उभी राहिले की माझी जीभ टाळूला चिकटायची, पण तुमच्या पाठीशी मला काहीही बोलता यायचं. आर्वीची, माझ्या बहिणींची, पहिलं बाळ राहिलं नाही त्या दुःखाची, सगळी बोलणी मी तुमच्या पाठीशी केली. तुम्हीही मागं न पाहता बोलायचात. धामच्या पात्रात तुम्ही पोहत होता हे मला सडकेवरच कळलं. पवनार तुमचं माहेर. मुलांच्या बरोबरीनं उड्या मारायच्या आणि ओल्या परकरानं घरी जाऊन मार खायचा. भाऊ होता तोवर दर दिवाळीला छकडा जुंपून तुम्हाला न्यायला यायचा. तो गेला, त्याच्या तेराव्याला तुम्ही जाऊन आलात, आणि त्यानंतर कुणी न्यायला आलं नाही. सात वर्षं. न्यायला आल्याशिवाय लेकीनं माहेरची पायरी चढू नये, हे तुमच्या रक्तातलं. मी एकदा म्हटलं, एस.टी.नं अर्ध्या तासात जाऊन येऊ. तुमची पाठ ताठ झाली. "कोणी आलं न्यायाले तं जाऊ. बिनबोलावल्या कुत्र्यावाणी कायले जा?" पण तुम्ही चालायला निवडली ती सडक पवनारचीच होती, हे माझ्या लक्षात यायला वर्ष लागलं.

मधे एकदा डॉक्टरांकडे गेलो. साखर उतरली होती, मुंग्या गेल्या होत्या. डॉक्टर खूश. "अर्धा तास चालता ना रोज?" मी खाली वाकून चपलेचा पट्टा सारखा करू लागले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. ती नजर मी अजून विसरले नाही. मग डॉक्टरांना म्हणालात, "हो जी. जाताना अर्धा अन् येताना अर्धा."  रिक्षातून उतरताना म्हणालात, "चिठ्ठी नीट वाचता येते तुले." हे रागावणं होतं की शाबासकी, ते मी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही.

आणि मग ती मार्गशीर्षातली सकाळ. गोठ्यावर पोचलो तर गवळी डोक्याला हात लावून बसलेला. "माय, आज अर्धा घंटा थांबा लागते. वासरू सुटलं अन् सारं पिऊन गेलं. दुसरीले आंबोण देऊन राह्यलो, मंग काढतो." तुम्हाला थांबणं जमेना. "बसून काय करू? तवरक त्या लिंबाच्या झाडालोक जाऊन येऊ." लिंबाच्या झाडापाशी तुम्ही वळला नाहीत. मग पुलाच्या मोरीपर्यंत. मोरीपाशीही नाही. दोन्ही बाजूंना कापसाची वावरं, त्या दिवसाची वेचणी चालू व्हायची होती, बोंडं फुटून पांढरं पांढरं. सूर्य वर आला. मी म्हटलं, "आत्याबाई, परतायचं ना?"

"काऊन? तुये पाय दुखून राह्यले?"

"नाही."

"मंग चाल मुकाट्यानं."

मी समजले. मला धास्ती वाटली, कारण आपण चालत राहिलो तर तुम्ही पोचणार होता, आणि पोचल्यावर त्या घरानं तोंड फिरवलं तर पुढच्या जन्मापर्यंत तुम्ही ही सडक धरली नसती. तुमच्या टाचा मात्र न थबकता पडत होत्या. दोन वर्षांपूर्वी याच पायांना मुंग्या आल्या की अंगणातून न्हाणीपर्यंत जातानाही भिंत धरावी लागायची. दीड-दोन तास झाले असतील, तुम्ही एकदाही बसला नाहीत. पवनार दिसायला लागलं आणि धामच्या पुलावर तुम्ही थांबलात. पहिल्यांदा मागं वळून माझ्याकडे पाहिलंत. तुमचा चेहरा लहान मुलीसारखा घाबरलेला होता.

"बिनबोलावल्या कसं जाऊ व? काय सांगू, काऊन आली म्हणून?"

 मी माझ्या हातातल्या तीन केटल्या पाहिल्या, तुमच्या हातातल्या तीन पाहिल्या, आणि म्हटलं, "दुधाले आलो म्हणू."

तुम्ही पुलाच्या कठड्याला धरून इतक्या हसलात की खाली कपडे धुणाऱ्या बायांनी वर पाहिलं.

तुमच्या वहिनी अंगण शेणानं सारवत होत्या. डोळ्यांवर हात धरून त्यांनी पाहिलं. सहा केटल्या, दोन बाया, दोघींची पावलं धुळीनं पांढरी. "कोण? बाई? काऊन व बाई, चालत? इतक्या केटल्या घेऊन?"

"दुधाले आली," तुम्ही म्हणालात, आणि केटल्या पुढं केल्यात.

"बोरगाववरून? दुधाले?" वहिनींनी शेणाचे हात तसेच वर धरले आणि तशाच तुमच्या गळ्यात पडल्या. तुमच्या पाठीवर शेणाचे दोन पंजे उमटले. "सात वर्सं वाट पाह्यली व मी! मले वाटे, भाऊ गेला तं तुले वहिनीचं काय काम. निरोप नाई, चिठ्ठी नाई."

"तूच कोणाले न्यायाले धाडलं नाई!"

"धाडाले घरात माणूस कोण व्हता? मीच येऊ का छकडा हाकत?"

"येती तं काय झालं असतं? मी तं पायानं आली!"

दोघी भांडत होत्या आणि रडत होत्या आणि मला कुणी बस म्हणत नव्हतं. मी ओट्यावर बसून पाय चोळले आणि जन्मात कधी नव्हे इतकी आनंदात होते. वहिनींनी भाकरी आणि ठेचा वाढला. निघताना स्वतःच्या दोन गाईंचं दूध सहाही केटल्यांत ओतलं. "दुधाले आली ना? मंग ने."

एस.टी.नं परत आलो. कंडक्टर सारखा ओरडत होता, "बाई, सांडलं तं धुवायले लावीन!" आणि तुम्ही त्याला सांगत होता, "मायं माहेरचं हाय, सांडत नाई." गल्लीत शिरलो तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती आणि सगळी गल्ली आपल्या दारात होती. पाच घरांचा सकाळचा चहा बुडाला होता. आपण गाडीखाली आलो की काय म्हणून ह्यांनी सायकल काढून गोठ्यापर्यंत फेरी मारली होती. त्या गडबडीत म्हशीकडे कुणी पाहिलं नाही. ती दाटलेल्या सडानं ओरडायला लागली, तशी मामंजींनी कंटाळून तिला अंगणात बांधलं आणि सगळ्यांदेखत फेसाळ बादली भरून काढली. मग काय करतात, मुकाट्यानं सगळ्या गल्लीला चहापुरतं वाटलं. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"म्हैस आटली होती ना व?"

तुम्ही केटल्या ओट्यावर ठेवल्यात, पदरानं तोंड पुसलंत. पाठीवरचे शेणाचे पंजे सगळ्यांना दिसत होते. "नाई आटली. मी फिराले जातो रोज. साखर हाय मले. आज माहेरी जाऊन आली, पायानं."

 मला वाटलं, आता हसतील. काकू म्हणाल्या, "मंग आधी काऊन नाई सांगतलं? मायेही गुडघे धरले हायेत. उद्या मलेही हाक मारजो." दुसऱ्या दिवशी आपण तिघी होतो. पोळ्यापर्यंत पाच झालो. केटल्या घरी राहिल्या. ह्यांचं हुक लागायला लागलं.

तुम्ही पुढं पाच वर्षं चाललात. खाटेवर पडलात त्या फक्त शेवटच्या आठ दिवसांत, आणि त्याही पायांमुळे नाही. तुम्ही गेलात त्या महिन्यात मी चालले नाही. मग एक दिवस चप्पल घालून फाटकापर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यापर्यंत. आता त्या सडकेला गोठा नाही, घरं झाली आहेत, स्कूटरी भुर्रकन जातात. मी लुगड्याखाली पांढरे कापडी बूट घालते. ते पाहून माझी लेक म्हणते, आई, तू रस्त्यावर माझी ओळख दाखवू नकोस. लोक विचारतात, इतकी वर्षं कसं जमलं, मनाचा निग्रह मोठा असेल. मी हो म्हणते. खरं तर निग्रह माझ्यात कधीच नव्हता. माझ्यापुढं एक पाठ चालत असायची आणि तिला गाठायचं असायचं, बस.

हे पत्र कुठं टाकायचं नाही हे मलाही कळतं. लिहून होईल आणि वहीतच राहील. पण एक सांगायचं राहिलं. लेकीनं नवी रजई आणली आहे, फार उबदार. आज सकाळी मी चालायला गेले नाही. ताप नाही, पाऊस नाही, फाटकापर्यंतसुद्धा गेले नाही. त्याच तासात रजई पायांवर घेऊन हे लिहीत बसले आहे, आणि लिहिताना फार बरं वाटलं. उद्याही थंडी असणार आहे. आत्याबाई, उद्या एक दिवस सुट्टी द्या ना.